मेणबत्ती विझेपर्यंत

स्वयंपाकघरातल्या मिक्सरला निळं कव्हर घातलेलं दिसलं, आणि भिंगकाकांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. जाड सुती कापड, कडेने पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, वर चिमटीत धरून उचलायला शिवलेला एक बंद. ते कव्हर मिक्सरचं नव्हतं.

“हे कुठून काढलंस?”

“माळ्यावरून,” काकू म्हणाल्या. “तेरा वर्षं कागदात गुंडाळून ठेवलं होतंत. तुमचं भिंगाचं यंत्र राहिलं दवाखान्यात आणि त्याची टोपी आमच्या घरी. म्हटलं, कुणाच्या तरी डोक्यावर शोभू दे.”

काकांनी चहा तसाच ठेवला. ते कव्हर टपालाने आलं होतं, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. त्यासोबत ते शिवणाऱ्या एका जुन्या रुग्ण मुलीचं पत्रही होतं. त्या पत्राचं उत्तर राहून गेलं, असं ते इतकी वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून काही गेलं नव्हतं. त्यांनी अकरा वेळा कागद घेतला होता आणि अकरा वेळा पहिल्याच ओळीवर फाडला होता.

“काय लिहिलं होतं हो तिने?” काकूंनी विचारलं. “तेव्हाही सांगितलं नाहीत. दात रात्री काढून ग्लासात ठेवता ते समजू शकते मी. तुम्ही जीभपण काढून ठेवता.”

काका कसंनुसं हसले. स्वतःचा एकही दात उरला नव्हता, आणि चौतीस वर्षं नोकरी मात्र दातांच्या रुग्णालयात, यावर ओळखीतल्या सगळ्यांनी विनोद करून झाले होते. ते उठले आणि कपाटातल्या सगळ्यांत जाड पुस्तकातून पत्र काढून आणलं. काकूंना द्यायच्या आधी, का कोण जाणे, त्यांनी वरची तारीख पाहिली आणि बोटांवर हिशेब केला. मग दुसऱ्यांदा केला.

पत्रातलं बाळ सात महिन्यांचं होतं. म्हणजे आता ती मुलगी तेरा वर्षं उलटून गेलेली.

काका खुर्चीत बसले. तेरा हा आकडा त्यांच्या कामात साधा नव्हता.

*

काका डॉक्टर नव्हते. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथल्या अरुंद खोलीत ते प्रयोगशाळा सांभाळायचे. हिरड्यांतून काढलेला नमुना भिंगाखाली पाहायचा, काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मोजायचे आणि चिठ्ठी लिहायची. बोलायचं काम खालच्या मजल्यावर डॉक्टरबाईंचं. ही वाटणी काकांना मनापासून पसंत होती. कुणी दोन प्रश्न एकदम विचारले तर ते दोन्हींचं उत्तर विसरत. रुग्णांनीच कधीतरी त्यांना भिंगकाका म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे पगारपत्रक सोडून सगळीकडे तेच नाव चालू झालं.

पत्र लिहिणारी ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. आई घरी कपडे शिवायची, ही तिच्या हाताखाली शिकत होती. शिवण संपली की दोरा कात्रीने कापायचा सोडून पुढच्या दातांनी तोडायची सवय. एक दिवस दोरा तोडताना खालचा दात हलला. डॉक्टरबाईंनी त्या सवयीवरून तिला इतकं फैलावर घेतलं, की रुग्णालयात तिचं नाव दोरावाली पडून गेलं.

दात दिसायला मोत्यासारखे होते. किटण नाही, कीड नाही, हिरड्यांना सूजही बेताचीच. पण क्ष-किरणांच्या फिल्मवर पुढच्या दातांखालचं आणि पहिल्या दाढांखालचं हाड उंदराने कुरतडल्यासारखं खाली गेलेलं. बाकीच्या दातांना धक्काही नव्हता. हा आजार असाच असतो. पोर बारा-तेराची झाली की गुपचूप सुरू होतो, नेमके तेवढेच दात निवडतो, आणि दुखत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. आई मात्र दारातच मुलीला बोल लावत होती, की हिला शंभरदा सांगितलं दात नीट घास म्हणून. मुलगी खाली मान घालून उभी होती.

डॉक्टरबाईंनी कागदाची बारीक टोकदार काडी हिरडीच्या आत सरकवली, ओल टिपली आणि मुलीला म्हणाल्या, की जा, वर काकांना नेऊन दे, आणि काय दिसतं ते बघून ये.

काकांनी एक थेंब काचेवर घेतला, वरून पातळ काच ठेवली, भिंग जुळवलं आणि मुकाट्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

ती बराच वेळ वाकून राहिली. काकांना माहीत होतं तिला काय दिसतंय. काळोखात उजळलेल्या काड्या, एकमेकींना चिकटून डुलणाऱ्या. स्प्रिंगसारखे मळसूत्री जीव, सुईसारखे सुळकन जाणारे. ठिपक्यांच्या माळा. सगळी गर्दी चालू, वळणारी, थबकणारी, पुन्हा निघणारी. हे दृश्य त्यांनी तोवर हजारो वेळा पाहिलं असेल. तरी रोज सकाळी पहिली काच लावताना त्यांचा श्वास क्षणभर थांबायचा. एका माणसाच्या तोंडात गावंच्या गावं नांदताहेत, आणि त्या माणसाला खबर नाही.

“हे माझ्या तोंडातले?” तिने मान वर न करता विचारलं.

“हो.”

“सगळे?”

“छे. एका काडीच्या टोकावरचे.”

 ती अगदी हळू म्हणाली, “म्हणजे आई म्हणते ते खरंय. मी घाणेरडी आहे.”

 काकांनी एक नवी काडी घेतली, स्वतःच्या दातांच्या फटीत फिरवली (तेव्हा त्यांना दात होते), दुसरी काच केली आणि पहिलीच्या जागी लावली.

“आता बघ. हे माझ्या तोंडातले.”

तिने पाहिलं, आणि एकाएकी हसू फुटलं तिला. “काका, तुमच्याकडे तर जत्रा आहे.”

“पुष्कळ आहेत,” काकांनी कबूल केलं. “सगळ्यांच्याच तोंडात असतात. बहुतेक गुण्यागोविंदाने राहतात. तुझ्याकडे एखादा वाईट चालीचा पाहुणा उतरला असेल. त्यात तुझा काय दोष?”

एवढं मोठं भाषण त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. पण जीभ एकदा सुटली ती सुटली, आणि त्यांनी तिला हेही सांगून टाकलं, की तोंडातली ही दुनिया सगळ्यांत पहिल्यांदा पाहिली ती कुणा डॉक्टरने नव्हे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने पाहिली. कापडातले धागे तपासायला भिंग लागायचं. त्या नादात त्याने स्वतःच भिंगं घासली, आणि एक दिवस दातांवरचा मळ खाली ठेवून पाहिला.

“कापडवाला?” ती म्हणाली. आपल्याच गल्लीतलं कुणी निघावं असा तिचा चेहरा झाला.

वाईट चालीचा पाहुणा मात्र त्या गर्दीत ओळखू येत नाही. तो हालत नाही, मिरवत नाही. त्याला वाढवूनच पाहावं लागतं, आणि त्याला आपल्या नेहमीच्या हवेपेक्षा जरा कोंदट हवा लागते. त्यासाठी काकांची युक्ती साधी होती. नमुना लावलेल्या बशा एका रुंद बरणीत ठेवायच्या, वर मेणबत्तीचा बोटभर तुकडा उभा करून पेटवायचा, बरणीच्या काठाला ग्रीस लावून झाकण घट्ट बसवायचं. आतला प्राणवायू कमी होत जातो, ज्योत लहान होते, निळी होते आणि विझते. मग ती हवा त्या जंतूच्या पसंतीची. बरणी गरम पेटीत ठेवून द्यायची.

“आणि झाकण नीट बसलं नसेल तर?” तिने विचारलं. शिवणाऱ्या माणसाला सैल टाका आधी दिसतो.

“तर हवा आत जात राहते. मेणबत्ती विझत नाही, जळतच राहते. म्हणून आमचा एक नियम आहे. मेणबत्ती विझेपर्यंत जागचं हलायचं नाही.”

दोघं बरणीसमोर उभी राहिली. ज्योत आक्रसत गेली, टोकाशी थरथरली आणि नाहीशी झाली. धुराचा एक बारीक धागा झाकणाला जाऊन टेकला. मुलगी डोळे विस्फारून बघत होती. काकांनी रजिस्टर उघडलं आणि ‘मेणबत्ती’ या रकान्यात बरोबरची खूण केली. तो रकाना त्यांनीच आखला होता. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत असा रकाना नसावा.

चौथ्या दिवशी ती पुन्हा आली, शाळा बुडवून. काकांनी बशी भिंगाखाली धरली. काचेसारखे नितळ, गोल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या पोटात एक तारा. कुणीतरी सुईने कोरल्यासारखा, टोकं असलेला, स्वच्छ तारा. या जंतूची वसाहत अशीच दिसते. हाडं पोखरणाऱ्याने घर मात्र असं बांधावं, याचं उत्तर काकांना एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

“किती सुंदर आहे,” मुलगी म्हणाली, आणि लगेच ओशाळली.

“आहेच,” काका म्हणाले. “तारे आहेत बेचाळीस. ते शून्यावर आणायचेत.”

*

नऊ वर्षं लागली. आधी हिरड्यांच्या आतून मुळं खरवडून काढणं, मग हिरडी उघडून साफ करणं, औषधं. पण ते सगळं पहिल्या वर्षातच झालं. खरं काम होतं ते पुढचं. दर तीन महिन्यांनी येणं. दुखत नसताना येणं. परीक्षा असो, पाऊस असो, घरी कुणी आजारी असो. शेकडो पोरं पहिल्या वर्षी यायची, दुसऱ्या वर्षी निम्मी, पाचव्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकी. दात हलायचे थांबले की माणूस विसरतो. ही विसरली नाही. डॉक्टरबाई बारीक खुणांच्या सळईने हिरडीची खोली मोजायच्या, आणि मग ती काडी घेऊन जिना चढून वर यायची. बेचाळीसचे नऊ झाले, नवाचे तीन. एकदा तिनाचे सतरा झाले, तेव्हा जिन्यात बसून रडली. मग पुन्हा चार. दर वेळी ती बरणीसमोर उभी राहायची, ज्योत विझेपर्यंत. दोघांत त्या मिनिटभरात एक शब्द होत नसे. काकांना त्या मिनिटाची सवय होऊन गेली होती.

शेवटच्या खेपेला ती घाईत होती. आठवड्याभरात लग्न, मग दूरच्या गावी जायचं. काडी देऊन ती खालच्या खालीच गेली.

आणि त्याच दिवशी ग्रंथालयात ते पुस्तक आलं होतं. भिंगाखालच्या जगाची जुनी, हाताने काढलेली चित्रं असलेलं. काकांनी दोन वर्षं मागणी लावून ठेवली होती. ग्रंथालय पाचला बंद व्हायचं. पावणेपाचला काकांनी बशा बरणीत ठेवल्या, मेणबत्ती पेटवली, झाकण बसवलं, बरणी पेटीत सरकवली आणि ते निघाले. चौतीस वर्षांत एकदाच.

चौथ्या दिवशी पेटी उघडली. मेणबत्ती शेवटपर्यंत जळली होती. वरच्या बशीवर मेणाचं थारोळं, काठाचं ग्रीस वाळून तडकलेलं. बशांवर काहीही उगवलं नव्हतं. तारे नव्हते म्हणून नव्हे. तारे असते तरी उगवले नसते.

‘चाचणी फसली, नमुना पुन्हा पाठवा’ एवढं लिहायचं होतं. पण खालून फोन आला, की मुलगी उद्या जातेय, चिठ्ठी लवकर द्या. सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं, आणि काकांना सगळं सांगण्याची लाज वाटत होती. पुस्तकासाठी गेलो होतो, हे कसं सांगायचं? त्यांनी लिहिलं, ‘आढळले नाहीत.’ शब्द खोटा नव्हता. तेवढाच आधार धरून ते त्या रात्री झोपले, आणि मग नीट कधी झोपले नाहीत.

*

काकूंनी चष्मा लावून पत्र वाचलं.

‘काका, मला मुलगी झाली. सात महिन्यांची आहे, खालचे दोन दात आलेत. बाई म्हणाल्या होत्या, की हा जंतू घरातल्या घरात जातो, आईकडून मुलांकडे. तुमच्या शेवटच्या चिठ्ठीत तारे नाहीत असं होतं. मेणबत्ती विझेपर्यंत तुम्ही उभे राहिला असणार, हे मला ठाऊक आहे. तरी मन धजत नाही. तुम्ही एकदा मला स्वतः लिहा, तारे गेले म्हणून. तुम्ही म्हणालात की मी निर्धास्त. तोवर मी तिचा फक्त कपाळाचा पापा घेते. सोबत तुमच्या यंत्रासाठी कव्हर शिवलंय. दोरा कात्रीने कापलाय.’

काकूंनी पत्राची घडी घातली. काकांनी मान खाली घालून त्यांना सगळं सांगितलं. ग्रीस, ग्रंथालय, चिठ्ठी, एकही गोष्ट न वगळता. काकू नेहमीप्रमाणे टोमणा मारतील अशी त्यांची अपेक्षा होती. मारला असता तर बरं झालं असतं.

“तेरा वर्षं,” काकू शेवटी म्हणाल्या, “कपाळाचा?”

काकांनी गार झालेला कप बशीत उगाच फिरवला.

“‘हो, गेले’ लिहिलं असतंत तर खोटं झालं असतं, ‘माहीत नाही’ लिहिलं असतंत तर उघडे पडला असतात. म्हणून काहीच लिहिलं नाहीत.”

“मी डॉक्टर नाही. सल्ला द्यायचा मला अधिकार...”

“ते मला नका सांगू,” काकू म्हणाल्या. “उठा. कपडे बदला आणि आधी बाईंकडे जा.” त्या उठल्या, मिक्सरवरचं कव्हर काढलं, झटकलं आणि घडी करून काकांच्या मांडीवर ठेवलं.

*

डॉक्टरबाईंचे केस पांढरे झाले होते, खुर्ची मोठी झाली होती, आवाज तोच होता. काकांना पाहून त्या उठून उभ्या राहिल्या आणि चहा मागवला. वरच्या खोलीत आता कोंदट हवेसाठी यंत्र आलंय, मेणबत्त्या बंद झाल्यात, असं सांगितलं. काकांनी चहा येऊ दिला नाही. जुनी रजिस्टरं आहेत का, एवढंच विचारलं. बाईंनी ती आपल्याच कपाटात ठेवली होती. इतक्या वर्षांच्या इतक्या बारीक नोंदी टाकून द्यायला माझा हात धजला नाही, म्हणाल्या.

काकांनी पान काढलं. येताना बसमध्ये त्यांना एक वेडी आशा वाटत होती, की आपलीच आठवण चुकली असेल, म्हातारपणी माणूस घडलं नाही तेही आठवतो. पानावर वरपासून खालपर्यंत त्यांच्या बारीक अक्षरात ओळी होत्या, आणि ‘मेणबत्ती’च्या रकान्यात खुणांची सरळ रांग. एका ओळीत तो रकाना रिकामा होता. खोटी चिठ्ठी लिहिणाऱ्या त्याच हाताला इथे मात्र खोटी खूण करवली नव्हती.

त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि सांगितलं. 

“त्या चिठ्ठीवर मी तिला वर्षातून एकदा तपासलं तरी पुरे, असं लिहून दिलं होतं,” त्या मग म्हणाल्या. “मला कळलं असतं, तर तिच्या नव्या गावात कुणालातरी गाठून तीन महिन्यांचंच चालू ठेवलं असतं. हे तुम्हाला सांगायलाच हवं, म्हणून सांगतेय.”

“हो.”

“नुसत्या तुमच्या ताऱ्यांवर मी कधीच विसंबले नाही, हेही खरं. तिच्या हिरड्या चांगल्या होत्या. पण चिठ्ठीने माझा हात सैल झाला.”

त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं, दोन फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या आणि काकांना जवळ बोलावलं. एक पंधराव्या वर्षाची, एक चोविसाव्या. काकांनी आजवर त्या मुलीचे जंतू पाहिले होते, हाड कधी पाहिलं नव्हतं. पहिलीत दाढेच्या मुळाशी काळी खोल खळगी होती. दुसरीत ती खळगी भरून आली होती. पुरती नव्हे, पण करडी, दाणेदार रेघ मुळाच्या कडेने वर चढत गेली होती, उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीला पुन्हा पाणी चढावं तशी.

“हे कुणी केलं?” काकांनी विचारलं. प्रश्न खुळा होता, तरी बाईंना तो खुळा वाटला नाही.

“मी नाही. मी फक्त जागा साफ करत राहिले. तिने येणं सोडलं नाही. बाकीचं शरीराने आपलं आपण केलं. छत्तीस वेळा आली ती, काका. इतकी वर्षं झाली, मला अजून या फिल्मकडे बघून अंगावर काटा येतो.”

दोघं त्या खिडकीशी बराच वेळ उभी होती. बरणीसमोर उभं राहावं तशी.

मग काकांनी तो एकच प्रश्न विचारला, ज्यासाठी ते आले होते. पाप्याने जंतू जातो का.

“पाप्याने जात नाही, असं मी म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण पापा थांबवून थांबतं असंही नाही. एका घरात राहतात, एका चमच्याने भरवतात. आणि जंतू गेला म्हणजे आजार होतोच असं नाही. माया थांबवायची नसते, लक्ष ठेवायचं असतं. बारा-तेराला हिरड्या मोजून घ्यायच्या. सुरुवातीला सापडलं तर खळगी पडतच नाही.”

“ती तेराची झाली.”

“मग माझ्यासमोर काय बसलाय?” बाईंच्या आवाजाला पहिल्यांदा धार आली. “माझ्याकडे तिचा लग्नानंतरचा पत्ता नाही. तुमच्याकडे आहे.”

त्यांनी पेन उघडून पुढे केलं, तो रिकामा रकाना भरायला की पत्र लिहायला, हे काकांना कळलं नाही. रजिस्टर त्यांनी तसंच मिटलं.

*

बारावा कागद काकांनी पहिल्या ओळीवर फाडला नाही.

‘तू विचारलं होतंस, तारे गेले का. मला माहीत नाही. त्या दिवशी मेणबत्ती विझेपर्यंत मी थांबलो नाही. एक पुस्तक वाचायला गेलो. झाकण सैल राहिलं आणि चाचणी फसली, तरी मी आढळले नाहीत असं लिहिलं. तुला उत्तर दिलं नाही ते या लाजेपायी. माझ्या लाजेची किंमत तू आणि तुझ्या मुलीने मोजली.

आता तिला दाखव. पुढच्या दातांशी आणि पहिल्या चारही दाढांशी सळईने खोली मोजायला सांग. तूही मोजून घे. इथे यायचं असेल तर बाई आहेत, वाट बघताहेत. काही निघालंच, तर ते तुझ्यामुळे असं मानू नकोस. पंधराव्या वर्षीही तुझा दोष नव्हता.

तुझी फिल्म मी आज पाहिली. हाड भरून आलंय. मी आयुष्यभर भिंगातून पाहिलं, पण असं काही पाहिलं नव्हतं.

आणि पापा घ्यायचा. गालाचा, तोंडाचा, कुठलाही. मी तेव्हाच लिहायला हवं होतं.’

काकूंनी वाचलं आणि पाकिटाच्या पाठीवर घरचा पत्ता लिहिला. पत्ता बदलला असेल तर, असं काका म्हणाले. तर परत येईल, काकू म्हणाल्या; मग नवा शोधू, तुम्हाला शोधाशोधीची कुठे कमी हौस आहे. दारात काकांनी सवयीने काखोटीला पुस्तक मारलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काकांनी पुस्तक परत ठेवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीवर पत्रं काढायची साडेचारची वेळ रंगवलेली होती. काका पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, क्षणभर कड धरून ठेवली, मग सोडली. आत कागदावर कागद पडल्याचा आवाज आला.

ते तिथेच उभे राहिले. ऊन पायांवरून सरकत गेलं. ओळखीच्या एकाने काही हरवलंय का विचारलं. काका नाही म्हणाले. पावणेपाचला टपालवाला सायकल लावून आला, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि काकांकडे संशयाने पाहिलं.

“टाकलेलं परत मिळत नाही हां, काका.”

“परत नकोय,” काका म्हणाले. “नुसतं बघतोय.”

त्याने झडप उघडली. पत्रं पिशवीत घसरली, त्यात काकांना आपलं पाकीट ओझरतं दिसलं. पिशवीचं तोंड आवळलं गेलं, गाठ बसली. सायकल रस्त्याच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

पेटीच्या डोक्यावर धुळीचा थर होता. काकांनी त्यावर बोटाने बरोबरची एक बारीक खूण केली आणि ते घराकडे वळले.